कामावर जीव कसा जपायचा, हे कामगाराला कळतं कुठून? सोलापुरातल्या अत्यावश्यक सेवांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परिचारिका होते. नोकरी संपल्यापासून सकाळच्या हजेरीला जाते आणि सफाई कामगार, घंटागाडीवाले, ड्रेनेजवाले, वॉर्डातल्या मावशी यांच्याशी कामावरच्या धोक्यांबद्दल बोलते. कधी कामगार विचारतात, कधी मुकादम, कधी कामगारांची शिकलेली मुलं. समाजकार्याचे विद्यार्थीही प्रकल्पासाठी येतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त होतं.

अत्यावश्यक सेवेतले कामगार म्हणजे नक्की कोण?

ज्यांचं काम आज थांबलं तर उद्या गाव अडतं, ते. उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून सोलापूरला येतं. ते शुद्ध करताना क्लोरीन हाताळणारा माणूस, गल्लीत पाणी सोडणारा चावीवाला, पहाटे खराटा घेऊन निघणारी बाई, तुंबलेलं चेंबर उघडणारा, डीपीवर चढणारा वायरमन, अग्निशामक दलाचे जवान, सिव्हिलमधल्या मावशी आणि वॉर्डबॉय, आशाताई, १०८ चे चालक, एसटीचे चालक-वाहक, हे सगळे यात येतात. 'अत्यावश्यक' हा शब्द लोकांच्या कानावर पडतो तो बहुधा संपाच्या बातमीत, 'मेस्मा' म्हणजे संप रोखणारा कायदा लागला की. माझ्या लेखी तो वर्षाचे सगळे दिवस त्यांना लागू आहे.

'आरोग्याचं ज्ञान' म्हणजे काय धरायचं? हातमोजे घालायचे, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं.

असतं. हजेरीला उभ्या असलेल्या पन्नास जणांना विचारा, "हातमोजे घालावेत का?" पन्नास हात वर येतील. तेवढ्यावरून कुणी 'जागरूकता समाधानकारक' असं लिहून नेलं, तर त्या अहवालाने एकाही कामगाराचं भलं होणार नाही. मी वेगळं विचारते. "कचरा भरताना सुई टोचली. पुढच्या दहा मिनिटांत काय करणार?" इथे गप्पगार होतात. मग कुणी म्हणतं, पिळून रक्त काढायचं. कुणी म्हणतं, चुना लावायचा.

बरोबर उत्तर असं आहे. जखम पिळायची नाही, तोंडाने चोखायची नाही, तिच्यावर ब्लीचिंग ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून धुवायची, मुकादमाला सांगायचं आणि तडक सिव्हिल गाठायचं. एचआयव्ही होऊ नये म्हणून जी औषधं देतात, ती दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम. ७२ तास उलटले की त्यांचा उपयोग होत नाही. सुरू केली की २८ दिवस पुरी घ्यावी लागतात. शनिवारी टोचलेली सुई बुधवारी दाखवायला आलेली बाई मी पाहिली आहे. हातमोज्यांबद्दल तिला सगळं ठाऊक होतं. तासांचा हिशोब तिला कुणी सांगितलेला नव्हता.

म्हणून ज्ञान म्हणताना मी धोक्याचं नाव धरतेच, पण त्या क्षणी हाताने काय करायचं आणि कुणाकडून काय मागायचा आपला हक्क आहे, हेही धरते. हक्काची माहिती सगळ्यात कमी जणांपर्यंत पोचलेली असते.

शिक्षण कमी, म्हणून माहिती कमी. सरळ कारण हेच ना?

शिक्षणाने फरक पडतो. डब्यावरचं लेबल वाचता येतं, अर्ज लिहिता येतो, डॉक्टरांपुढे तोंड उघडायचा धीर येतो. पण या कामांत खरी शाळा भरते ती कामावरच, आणि तिथला मास्तर म्हणजे अनुभव. हा मास्तर बरंच काही बरोबर शिकवतो. एखादी गोष्ट मात्र अशी चुकीची शिकवतो की तीच जिवावर बेतते.

ड्रेनेजच्या कामात उभी हयात घालवलेले एक मामा मला नेहमी भेटत. चेंबरचं झाकण उघडून बराच वेळ थांबायचं, शेजारचं झाकणही उघडायचं, एकट्याने काम करायचं नाही, हे सगळं त्यांना पाठ होतं. ते कुठल्या पत्रकात वाचलेलं नव्हतं. पण त्यांचा एक नियम होता: "सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर भ्यायचं. वास गेला, की गॅस गेला." हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत हे अगदी उलटं आहे. हा वायू थोडा असतो तेव्हाच त्याचा वास येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं, की नाकच बधिर होतं. वास गेला, तो गॅस वाढला म्हणून गेला असेल. तो हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात तळाशी साठून राहतो. मामांचा नियम इतकी वर्षं चालला, कारण ते वाचले. ज्यांचा अंदाज चुकला, ते सांगायला उरलेले नाहीत.

अशीच दुसरी चूक म्हणजे एक खाली पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आतल्या माणसावरच्या मायेपोटी ही माणसं जातात. वरून दोर ओढून काढता येईल अशी तयारी नसेल, तर उतरायचं नाही, अग्निशामक दलाला बोलवायचं. हे शांत वेळी दहादा बोलून ठेवलं असेल तरच घाईच्या वेळी आठवतं.

सोलापुरात भाषेचा मुद्दा एवढा मोठा का करता? मराठी तर सगळ्यांना कळते.

बाजारातली मराठी सगळ्यांना कळते. पाटीवरची कळत नाही. 'वैयक्तिक संरक्षक साधनांचा वापर अनिवार्य आहे' ही मराठी माझ्या शेजारच्या मास्तरांनाही दोनदा वाचावी लागेल. त्यात आपल्या गावात पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून आलेल्यांची कन्नड असते, विजापूर वेशीकडे दखनी ऐकू येते. माणूस कामावर मराठी बोलतो, पण भीती वाटली, दुखलं, शंका आली, की मनात घरची भाषा उमटते.

सुरुवातीला मी 'संसर्ग', 'निर्जंतुकीकरण', 'प्रतिबंध' असं बोलत होते आणि समोरचे सगळे माना डोलवत होते. एके दिवशी मागून कुजबुज ऐकू आली. एक अक्का माझं वाक्य संपलं की शेजारणींना तेलुगूत सांगत होत्या, आणि माझ्या दोन वाक्यांना त्यांना पाच-सहा लागत होती. खरा वर्ग तिथे भरला होता. त्या दिवसापासून अक्का पुढे उभ्या राहतात आणि मी त्यांच्या बाजूला. प्रश्न लगेच वाढले. आधी ते नव्हतेच असं नाही, विचारायला भाषा नव्हती.

ओळखीचे शब्दसुद्धा घोटाळा करतात. 'चेंबरात गॅस असतो' म्हटलं की डोळ्यांपुढे स्वयंपाकाचं सिलिंडर येतं, आणि मग तो आहे का बघायला कुणी काडी ओढून आत टाकतं. चेंबरात मिथेन असला तर भडका उडेल आणि हायड्रोजन सल्फाइड किती आहे ते काडीने कळणारच नाही. त्याला गॅस मोजायचं यंत्रच लागतं. 'मास्क' हा शब्द तर त्याहून फसवा आहे. कापडी पट्टी, एन-९५ आणि अग्निशामकवाल्यांचा पाठीवर सिलिंडर असलेला बीए सेट, तिन्हींना आपण मास्कच म्हणतो. करोनातला निळा मास्क लावून चेंबरात उतरायला निघालेला तरुण मी स्वतः अडवला आहे. त्याला वाटत होतं, आपण सगळे नियम पाळले. तो मास्क शिंतोडे थोडेफार अडवतो, एन-९५ धूळ अडवतो, गॅस दोन्हींतून आरपार जातो.

कायम कामगार आणि ठेक्यावरचा कामगार यांच्या माहितीत फरक असतो का?

असतो, आणि तो बुद्धीचा नसतो. प्रशिक्षणाची यादी हजेरीपटावरून निघते. ठेक्यावरच्याचं नाव वेगळ्या पटावर असतं, बदलीवरच्याचं कधी कुठल्याच पटावर नसतं. ठेकेदार बदलला की माणूस तोच राहतो, पण लसीच्या नोंदी आणि झालेलं प्रशिक्षण जुन्या ठेकेदाराच्या फायलीत अडकतं. हिपॅटायटीस बी च्या, म्हणजे काविळीच्या लसीचे तीन डोस असतात: पहिला, मग एका महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. पहिले दोन झाले आणि ठेका संपला, असे किती तरी जण आहेत. तिसऱ्याची आठवण करून द्यायला मागे कुणी उरत नाही.

भीतीही आहे. कायम कामगार "बूट फाटले, उद्या येणार नाही" म्हणू शकतो. ठेक्यावरच्याला उद्या दुसरा उभा केला जाईल, हे माहीत असतं. म्हणून तो विचारत नाही. विचारायचं बंद झालं की शिकायचंही बंद होतं.

आणि एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, नवे ठेके त्याच सुमारास लागतात. म्हणजे उन्हाची सवय नसलेला नवा माणूस सोलापूरच्या ऐन कडाक्यात पहिल्यांदा कामावर उभा राहतो. शरीराला उन्हाशी जुळवून घ्यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि ऊन लागून दगावण्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण काम देऊ नये, रोज थोडं वाढवावं. याला काही खर्च येत नाही.

नोकरी वारसाने मिळते, मग ज्ञानही बापाकडून मुलाकडे येत असेल ना?

हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. घराला आधार म्हणून ती व्यवस्था मोलाची आहे. पण वडील घरी कामाबद्दल काय बोलतात? बहुतेक घरांत काहीच नाही. हे काम ठरावीक जातींवर पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलं. त्याची सल अशी, की माणूस दारात आंघोळ करतो, कपडे बाहेर टाकतो आणि घरात पाऊल ठेवताना कामाचा विषय उंबऱ्याबाहेर ठेवतो. मुलाला वाटही नको वाटते त्या कामाची. मग वडील आजारी पडतात किंवा जातात, आणि एक दिवस तो त्याच रस्त्यावर खराटा घेऊन उभा असतो. बापाची नोकरी मिळते, बापाला कळलेलं काही मिळत नाही.

याच लाजेपायी दवाखान्यातही काम सांगितलं जात नाही. पावसाळ्यात ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल, म्हणून माणूस येतो आणि डॉक्टरांनी विचारलं तर "मजुरी करतो" म्हणतो. गटारीच्या पाण्यात काम आहे हे कळलं असतं तर डॉक्टरांच्या मनात लेप्टोस्पायरोसिस आला असता. उंदराच्या लघवीतून तो पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतो. केसपेपरवर कामाचं नाव लिहून घेणं ही मी डॉक्टरांचीही जबाबदारी मानते. विचारताना आवाजात तुच्छता नसली की माणूस खरं सांगतो.

मुकादमाचा किती परिणाम होतो?

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त. शिबिर वर्षातून एकदा होतं, मुकादम रोज समोर असतो. मुकादम स्वतः बूट घालून आला आणि "आधी हातमोजे, मग सही" म्हणाला, तर त्या हजेरीत मला फार बोलावं लागत नाही. तोच "चल चल, काही होत नाही" म्हणाला, की माझं सगळं बोलणं तिथेच संपलं. त्यामुळे प्रशिक्षणाला पैसा थोडाच असेल, तर तो आधी मुकादमांवर खर्च करावा. एवढंच, की मुकादमावरही वरून दबाव असतो: दहापर्यंत रस्ता झाला पाहिजे, साहेबांचा दौरा आहे. दबाव वरून सैल झाला तरच तो खाली सैल करू शकतो.

आम्ही दरवर्षी शिबिर घेतो, तरी काही टिकत नाही. चुकतं कुठे?

वेळेत चुकतं, बहुतेकदा. पहाटे उठून, आठ तास राबून, उपाशीपोटी माणूस दुपारी सभागृहात बसला तर तो पंख्याखाली झोपेलच. त्यात पहिला पाऊण तास सत्कार आणि हारतुरे. प्रोजेक्टरवर अक्षरांची पानं. शेवटी सही आणि नाश्त्याची पाकिटं.

त्याऐवजी हजेरीच्या वेळी दहा मिनिटं, आठवड्याला एकच गोष्ट. पावसाआधी लेप्टो आणि धनुर्वात. मार्चअखेर ऊन. पहाटेच्या पाळीला कुत्रं चावलं तर काय: जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, मग रेबीजची लस. संक्रांतीच्या गड्डा यात्रेआधी आणि आषाढीला पंढरपूरला ड्युटी लागण्याआधी गर्दीतल्या कामाचं बोलायचं, कारण तेव्हा नवे, अनोळखी जागेवरचे कामगार असतात आणि कामाचा पसारा अचानक कैक पटींनी वाढतो. सांगून झालं की करून दाखवायला लावायचं. हातमोजा बाहेरून हात न लावता कसा काढायचा, हे मी अजून एकालाही नुसतं सांगून शिकवू शकलेले नाही.

माहिती असूनही हातमोजे-बूट का वापरत नाहीत?

तुम्ही एकदा मे महिन्यात दुपारी बारा वाजता रबरी हातमोजे घालून तासभर फावडं चालवून बघा, ही माझी मनापासून विनंती आहे. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो. आत घाम साठतो, कातडी पांढरी होऊन सोलते, फावड्याची पकड सुटते. बूट बहुतेक पुरुषांच्या मापाचे. बायकांना आठ नंबरचे गमबूट दिले तर त्या पडतील, म्हणून त्या चपलेवर येतात. मग नोंद होते: 'साहित्य दिले, वापर नाही.'

शिकलेलं वापरता आलं नाही की ते विसरलं जातं. सामान नसलेल्या जागी दिलेलं व्याख्यान कामगाराला एवढंच शिकवतं, की साहेब बोलतात ते बोलण्यापुरतं असतं. पुढच्या वेळी तो कान देत नाही. त्यामुळे आधी मापाचं, कामाला जुळेल असं साहित्य, मग भाषण. झाडूकामाला जाड रबर नको, कापडावर रबराचा लेप असलेले हातमोजे बरे पडतात. घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्याला मात्र सुई-काच अडवणारे जाड हवेत.

बायकांच्या बाबतीत वेगळं काही आहे का?

पाणी. बायका कामावर पाणी पीत नाहीत. त्यांना उन्हाळ्यात पाणी प्यावं हे कळत नाही असं कुणी म्हणालं की मला राग येतो. रस्त्यावर पाच-सहा तास त्यांना जायला जागा नसते. म्हणून त्या सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात. मग 'उन्हाळी लागते', लघवीला जळजळ होते, पाठ भरून येते, ताप येतो. ऊन अंगावर घेणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर पाणी प्यावं, हा नियम मी त्यांना सांगते तेव्हा त्या माझ्याकडे बघतात आणि मला पुढे बोलवत नाही. त्या हजेरीत मी आता आधी विचारते, की तुमच्या बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या भागात, कुणाचं स्वच्छतागृह उघडं मिळेल? शाळा, दवाखाना, मंदिर, पेट्रोल पंप. एका पेठेत दोन दुकानदारांनी होकार दिला आणि त्या बायकांच्या हातात बाटल्या दिसू लागल्या.

पाळीच्या दिवसांत जड घमेली उचलणं, गरोदरपणात धुळीत झाडणं, हे प्रश्न पुरुष प्रशिक्षकापुढे कधीच निघत नाहीत. शिकवणारी बाई असेल तर निघतात.

गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ निघते का? खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही का?

दोन्ही नाही. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची गाठच पडत नाही. धुळीला उपाय म्हणजे झाडण्याआधी पाणी शिंपडणं आणि चांगला मास्क. कांदा खायला उत्तम, खिशातून तो काही करत नाही. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय असं समजावं. माणूस उन्हात बरळू लागला, अंग तापलं, तर त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

चेंबरात उतरण्याआधी दारू घेतली की त्रास होत नाही, हाही समज आहे. दारूने घाण सहन होते, हे खरं असेल. पण डोकं गरगरायला लागलं ते गॅसने की दारूने, हे मग कळत नाही, आणि बाहेर पडायचा तो एक इशारा हातचा जातो.

मोबाईलवरून माहिती मिळतेच की आता?

मिळते, चांगलीही आणि वाईटही. पुढे ढकललेल्या संदेशांत ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र करून संडास लख्ख करायची युक्ती मी पाहिली आहे. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद जागेत तो जीव घेऊ शकतो. दुसरीकडे, कामगारांनीच दोन मिनिटांचं चित्रण करून आपल्या गटावर टाकलं, आपल्या बोलीत, तर ते माझ्या तासभराच्या बोलण्यापेक्षा जास्त बघितलं जातं. वयस्क बायकांकडे बहुधा साधा फोन असतो, त्या यातून सुटतात. त्यांच्यासाठी तोंडी सांगणंच खरं.

वायरमन आणि अग्निशामक दलाचं तर रीतसर प्रशिक्षण असतं. तिथेही उणीव राहते का?

तिथे ज्ञान जास्त आहे, उणीव वेगळ्या जागी आहे. वायरमनला लाइन बंद करून परमिट घ्यायचं, टेस्टरने तपासायचं, अर्थिंग करायचं हे पाठ असतं. पण वस्तीत कुणी इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीचा जोडला असेल, तर बंद लाइनीत उलटा करंट येतो. घाईत अर्थिंग टाळली की घात होतो, आणि घाई कोण करतं? वीज गेल्याच्या पाचव्या मिनिटाला फोन करणारे आपणच.

अग्निशामक दलात आगीचं ज्ञान आहे, धुरानंतरचं कमी. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जणांचा जीव गेला. अशा आगीत कापूस, रंग, प्लास्टिक सगळं जळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं कामच कर्करोगकारक गटात घातलं. काजळी कपड्यांवर बसते, कातडीतून आत जाते. म्हणून तो गणवेश घरी मुलांच्या कपड्यांत धुवायचा नाही, आणि आगीवरून आल्यावर आधी आंघोळ.

दवाखान्यातल्या मावशींना तरी सगळं माहीत असेल?

मोठ्या दवाखान्यात बरंच. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा न टोचणारा डबा, काचेसाठी निळा डबा, हे रंग त्यांना झोपेतही सांगता येतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी प्रशिक्षण, वर्षाची तपासणी आणि हिपॅटायटीस बी, धनुर्वाताच्या लसी बंधनकारक केल्या, त्याचा हा परिणाम. छोट्या खाजगी दवाखान्यात, जिथे एकच बाई झाडते, भांडी उचलते आणि पेशंटलाही धरते, तिथे हे पोचत नाही. आणि मोठ्या ठिकाणीसुद्धा सुई बादलीत टाकणारा हात पुष्कळदा मावशीचा नसतो, शिकलेल्याचा असतो.

करोनात सगळे शिकले असतील ना?

हात धुवायला शिकले, ते अजून टिकलं आहे. ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना केंद्राने ५० लाखांचं विमा संरक्षण दिलं, त्यात आशाताईही होत्या. आपलं काम धोक्याचं आहे, असं सरकारने पहिल्यांदा तोंडावर मान्य केलं, असं मला एक आशाताई म्हणाल्या होत्या. पण मास्क म्हणजे करोना, एवढंच डोक्यात बसलं. करोना गेला, मास्क गेला, धूळ मात्र तशीच आहे.

कायद्याने कामगाराला काय मिळतं?

माणसाला गटारात साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली, कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख. २०१६ च्या घनकचरा नियमांत गणवेश, हातमोजे, रेनकोट, बूट, मास्क देण्याचं लिहिलेलं होतं; १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत नेमणूकपत्र आणि ठरवून दिलेल्या वर्गांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आहे. विमा कापला जात असेल तर होटगी रोडवरच्या कामगार विमा रुग्णालयात जाता येतं. पगारपत्रकात कपात दिसते आणि कार्ड कधी हातात आलेलं नसतं, अशांनी आधी कार्ड मागावं.

मी साधा नागरिक आहे. माझा यात काय संबंध?

तुमच्या घरातली इन्सुलिनची सुई झाकणाच्या जाड बाटलीत भरून, वर 'सुई' लिहून द्या. फुटलेली काच कागदात गुंडाळा. पॅड-डायपर कागदात बांधून वेगळे द्या. घंटागाडीवरच्या मावशींना पाणी विचारा, आणि जमलं तर संडास उघडा करून द्या.

आम्ही विद्यार्थी आहोत, प्रश्नावली कशी करावी?

'हो/नाही' चे प्रश्न कमी ठेवा. "करून दाखवा" म्हणा. कामगाराच्या घरच्या भाषेत विचारा, मुकादम शेजारी नसताना. वय, शिक्षण, नोकरीची वर्षं विचाराल तसंच हेही विचारा: नेमणूक कशी, प्रशिक्षण शेवटचं केव्हा, आधी अपघात झाला होता का, साहित्य मापाचं आहे का. आणि जे निघेल ते त्यांना परत जाऊन सांगा.

माझे वडील ड्रेनेजला आहेत. घरी काही बोलत नाहीत. मी काय विचारू?

"काम कसं चाललंय" विचारू नकोस, "बरं चाललंय" एवढंच मिळेल. बारीक विचार. आज किती झाकणं उघडली? बरोबर कोण होतं? वर दोर धरायला कुणी असतं का? धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं? काविळीच्या लसीचे तीन झाले की दोन? कार्ड असेल तर रेशन कार्डाच्या पिशवीत ठेव, नसेल तर वहीत तारखा लिहून ठेव. पायांच्या भेगा बघ. रात्री त्यांच्या पायाला खोबरेल लावायच्या निमित्ताने बघता येतात, आणि तेव्हा माणूस थोडं बोलतोही.